टायर खाणारी गाडी: लक्षणे, कारणे व उपाय

वाहनाच्या टायरची झीज दोन प्रकारची असते: सम आणि विषम. सम झीज सगळ्या अंगाने सारखी होते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. विषम झीज एका जागी जास्त, शेजारच्या जागी कमी अशी होते, आणि तिच्यावर पंक्चरच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सर्वत्र चर्चा होते. वाशिम जिल्ह्यात तिचे निदान "गाडी टायर खाऊन राह्यली" एवढ्यावर उरकते. या निदानानुसार गाडी ही आरोपी, रस्ता हा तिचा साथीदार, आणि चालक व मालक दोघेही फिर्यादी ठरतात. फिर्यादींची उलटतपासणी करण्याची पद्धत नाही.

रस्त्यावर संशय घ्यायला जिल्ह्यात जागा भरपूर आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या साऱ्यांना जोडणारे रस्ते बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीवरून जातात. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. सोयाबीनला हे मानवते, डांबराला मानवत नाही. उद्घाटनाच्या छायाचित्रात सपाट दिसणारा रस्ता काही पावसाळ्यांनंतर लाटा धरतो. लाटांच्या मध्ये खड्डे पडतात, खड्ड्यांत गिट्टी पडते, आणि उरलेल्या चांगल्या भागावर गतिरोधक पडतात.

या सगळ्यातून चाकाला मिळते ते कंपन, आणि कंपन व टायर यांचे नाते टायरच्या जन्मापासूनचे आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून बसवलेली लोखंडी धाव रस्त्याचा प्रत्येक हादरा आखाकडे आणि आखावरून गाडीवानाच्या मणक्यांकडे जसाच्या तसा पाठवत असे. स्वतःकडे काही ठेवून घेत नसल्यामुळे ती वर्षानुवर्षे टिके. मणक्यांबाबत असे म्हणता येत नाही. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने 1845 मध्येच घेतले होते, परंतु पुढे लोक ते विसरून गेले. 1888 मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉईड डनलॉप यांनी तो नव्याने शोधला. डनलॉप हे पेशाने गुरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलला फार हादरे बसतात म्हणून त्यांनी चाकांना हवा भरलेली रबरी नळी बांधली. म्हणजे हवेचा टायर जन्माला आला तो हादरे गिळण्यासाठी. गाडी टायर खाते अशी तक्रार करताना, त्याआधी टायरने गाडीसाठी काय काय गिळले आहे, हे सहसा हिशेबात धरले जात नाही.

रबर झिजते ते फिरण्याने नव्हे, घसरण्याने. टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग एका वेळी जमिनीला टेकलेला असतो. टायरवरील नक्षीचा प्रत्येक ठोकळा या भागात शिरतो, दबतो, रस्त्याला चिकटतो आणि सुटण्याच्या क्षणी किंचित घसरतो. या घसरण्यात रबराचा अतिसूक्ष्म अंश रस्त्यावर राहतो. झिजेचा सर्वसाधारण नियम ब्रिटिश अभियंते जॉन आर्चर्ड यांनी 1953 मध्ये मांडला. झीज ही दाब आणि घसरण्याचे अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होते. रबर याहून नाजूक. त्याच्यावरील घसरणीचा जोर दुप्पट झाला की झीज बऱ्याचदा दुपटीवर थांबत नाही.

कंपनाचा संबंध येतो तो इथे. 1,200 किलोच्या मोटारीच्या एका चाकावर सरासरी 300 किलो भार असतो. गाडी थरथरू लागली की हाच भार क्षणात 100 आणि क्षणात 500 होतो. सरासरी पुन्हा 300च येते, त्यामुळे कागदोपत्री काही बिघडलेले नसते. टायर मात्र सरासरीवर चालत नाही. 100 किलोच्या क्षणी त्याची पकड सुटून तो घसरू लागतो आणि 500 किलोच्या क्षणी टेकलेला ठोकळा रस्त्यावर रगडला जातो. ज्या ठोकळ्यांच्या वाट्याला हा दुसरा क्षण वारंवार येतो, ते इतरांच्या आधी संपतात.

प्रत्येक वाहनात हलण्याच्या दोन ठरलेल्या लयी असतात. पहिली स्प्रिंगवर बसलेल्या सांगाड्याची. ती साधारण सेकंदाला एक ते दीड हेलकाव्याची. काळ्या मातीवरच्या रस्त्यात दहा-दहा मीटरवर लाट असेल आणि गाडी ताशी 60 किलोमीटरने जात असेल, तर सेकंदाला पावणेदोनच्या आसपास धक्के मिळतात आणि सांगाडा या लयीच्या जवळ जातो. मागच्या सीटवरील लहान मुलांना पोटात ढवळू लागते ते अशाच वेळी, आणि त्याचे खापर बसस्थानकावरच्या भज्यांवर फुटते. दुसरी लय चाक आणि आख यांची. ती सेकंदाला 10 ते 15 उड्यांची. प्रवाशांना पहिली लय हेलकावते, टायरची कातडी दुसरी लय काढते.

या दोन्ही लयींना आवर घालण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. गॅरेजमध्ये त्याला शॉकअप म्हणतात. त्याच्या नळकांड्यातील तेल बारीक भोकांतून पुढेमागे ढकलले जाते आणि हादऱ्याची ताकद उष्णतेत विरून जाते. तेल गळून गेले की उरते ती नुसती स्प्रिंग. एकदा उडालेले चाक मग उडतच राहते. मालेगाव तालुक्यातील शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला टेकलेली नाही अशी भाविकांची श्रद्धा आहे. तो मान मूर्तीचा. चाकाने जमीन सोडण्यात कोणतेही पुण्य नाही. प्रत्येक उडीनंतर चाक परत आदळते आणि आदळलेल्या जागी रबर खरवडले जाते. शॉकअपचे तेल गळाल्याचे अनेक मालकांना माहीत असते. परंतु गाडी चालू होते, हॉर्न वाजतो आणि गाणी लागतात, त्यामुळे दुरुस्तीची निकड जाणवत नाही.

इथपर्यंतच्या विवेचनावरून रस्ता दोषी आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि मोजमाप वेगळेच सांगते. खड्डा हा निष्पक्ष असतो. मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे 1.9 मीटर. रस्त्यावरील हादरे कुठेही बसतात, त्यामुळे ते टायरच्या घेरावरही कुठेही पडतात. आज या ठोकळ्यावर, उद्या त्या. हजारो खड्डे मिळून टायर लवकर संपवतील, पण सगळीकडून सारखा संपवतील. सिमेंटच्या रस्त्यांवरही तेच. तिथे साधारण 4.5 मीटरवर आडवा सांधा असतो. एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंत चाकाचे 2.4 फेरे होतात. फेरे पूर्णांकात येत नसल्याने प्रत्येक सांधा टायरच्या वेगळ्या जागी टोला देतो. एकाच ठोकळ्याचा सूड घ्यायचा असेल तर रस्त्यावर दर 1.9 मीटरला एक खड्डा हवा, तोही नेमका. खड्ड्यांच्या बाबतीत इतके काटेकोर नियोजन अद्याप कुठे आढळलेले नाही.

घेरावरच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा मार बसायचा असेल तर हादरा चाकाच्या फेऱ्याशी ताल धरून यावा लागतो. हे फक्त चाकाला आणि त्याच्या सोबत्यांनाच जमते: तोल गेलेले चाक, वाकलेली रिम, ढिले बेरिंग, खिळखिळा बॉल जॉइंट, फाटलेले बुश, मेलेला शॉकअप. रस्त्याकडे फार तर चिथावणीचा दोष जातो. त्याने रिम वाकवली, बुश फाडले, शॉकअप गाळला; पण त्यानंतर गाडी तशीच पळवण्याचा निर्णय रस्त्याने घेतलेला नसतो.

यांतील सर्वांत सामान्य कारण चाकाचा गेलेला तोल. चाकाच्या एका बाजूला थोडे जरी वजन जास्त झाले तरी फिरताना ते बाहेर ओढते आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बॅलन्सिंगच्या यंत्रावर रिमला शिशाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे लावतात ते याचसाठी. शेतीप्रधान जिल्ह्यात या तुकड्यांना चिखलाची स्पर्धा असते. पावसाळ्यात शिवारातून निघालेली गाडी रिमच्या आतल्या अंगाला काळ्या मातीचा गोळा घेऊन डांबरीवर येते. ऊन पडले की तो गोळा वाळून घट्ट बसतो. 100 ग्रॅमचा असा गोळा ताशी 40 किलोमीटरला अडीच किलोच्या आसपास जोर लावतो. ताशी 80 ला हाच जोर दहा किलोपर्यंत जातो आणि सेकंदाला जवळजवळ बारा वेळा चाकाभोवती गरगर फिरतो. बारा ही संख्या चाकाच्या उड्या मारण्याच्या लयीत बरोबर बसते. त्यामुळे गावात गुणी वाटणारी गाडी महामार्गावर 80 च्या पुढे स्टेअरिंग थरथरवू लागते. चालक "व्हायब्रेट मारते" असे सांगून गॅरेज गाठतो आणि तिथे चिखलासकट चाकाचा तोल साधून दिला जातो. पुढच्या पावसात चिखल धुऊन जातो, शिसे राहते, आणि गाडी आता दुसऱ्या बाजूने थरथरते. पाण्याची एक बादली या रोगावर पुरेशी असते. तिची पावती मिळत नसल्याने उपचार झाल्यासारखे वाटत नाही.

कंपनजन्य झिजेचे मुख्य प्रकार चार. पहिला वाटीझीज. टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने उथळ वाट्या पडतात. हे काम मुख्यत्वे मेलेल्या शॉकअपचे आणि बिघडलेल्या तोलाचे. एक वाटी पडली की चाक तिथे किंचित खाली जाते, पुढे उडते, आदळते आणि पुढची वाटी कोरते. एकीने दुसरीला जन्म दिल्यावर वंशवृद्धी थांबत नाही.

दुसरा करवतझीज. यात प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजते, दुसरी उंच राहते आणि नक्षीला करवतीचे दाते येतात. मागच्या, न ढकलणाऱ्या चाकांवर ती जास्त दिसते. हे दाते रस्त्यावर आपटून घोंघावतात, आवाजातून कंपन वाढते, कंपनाने दाते वाढतात.

तिसरा सपाट डाग. तुरीतून अचानक रोही (नीलगाय) रस्त्यावर येतो, चालक ब्रेकवर उभा राहतो, चाक अडकून फरफटते आणि टायरचा एक भाग घासून सपाट होतो. रोही पलीकडच्या शेतात निघून जातो. डाग मात्र त्यानंतर प्रत्येक फेऱ्याला एकदा रस्त्यावर आपटतो. म्हणजे चाकाच्या तालावर येणारा जो हादरा खड्ड्यांना देता आला नाही, तो टायर आता स्वतःच स्वतःला देतो. ताशी 120 ला हे सेकंदाला 17 ते 18 वेळा घडते. लग्नसराई संपल्यावर काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरलाही खालून सपाटी येते, पण ती बहुधा काही किलोमीटरांत टायर गरम झाल्यावर जाते.

चौथा प्रकार बहुकोनी झीज, आणि तो चांगल्या रस्त्याचा आहे. जपानमधील आत्सुओ सुएओका आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये त्याचे गणित मांडले. चाक एकाच वेगाने दीर्घकाळ पळत राहिले आणि चाकाच्या फेऱ्यांनी कंपनाच्या गतीला भागल्यावर पूर्णांकाच्या आसपास उत्तर आले, की प्रत्येक फेऱ्याला हादरे जवळपास जुन्याच जागांवर पडतात. गोल टायर हळूहळू बहुकोन होतो. उत्तर जितके, तितके कोन. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे जमत नाही, कारण तिथे एकसारखा वेग ठेवणे कोणालाच शक्य नसते. समृद्धी महामार्गाची गोष्ट वेगळी. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटरचा सगळा मार्ग. वाशिम जिल्ह्यातून तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा असलेल्या या रस्त्यावर शेलूबाजारला वर चढलेला चालक काटा एका आकड्यावर ठेवून तासन्‌तास जाऊ शकतो. जी झीज गावच्या रस्त्यावर मिळण्याची सोय नव्हती, ती आता जिल्ह्यात उपलब्ध आहे. तिच्यापासून वाचण्यासाठी वेग अधूनमधून थोडा बदलावा आणि चाकांचा कोन तपासून घ्यावा.

टायरच्या रुंदीवर दिसणारी विषमता या चौघांपासून वेगळी ओळखावी. हवा जास्त असेल तर टायर मधोमध झिजतो, कमी असेल तर दोन्ही कडांना. चाक आत किंवा बाहेर झुकलेले असेल तर एकाच कडेला झिजतो. ही भूमितीची चूक आहे, कंपनाची नाही. थोडक्यात, रुंदीवर फरक दिसला तर हवा आणि अलाइनमेंट पाहावे, घेरावर फरक दिसला तर शॉकअप, बेरिंग आणि तोल. प्रत्यक्षात दोन्ही रोग एकाच टायरला होऊ शकतात. क्षमतेची व्याख्या सैल असलेल्या काळीपिवळीत ते बहुधा होतातच, कारण माणसांच्या वजनाने पाटे पूर्ण बसले की शॉकअपला हलायला जागाच उरत नाही.

गतिरोधकाचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तो 17 मीटर त्रिज्येचा, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा असे ठरले होते. म्हणजे ताशी 25 किलोमीटरने जाणारी गाडी त्यावरून सौम्यपणे जाते. गावात अपघात झाल्यावर रातोरात उभा राहणारा गतिरोधक उंचीच्या बाबतीत या तत्त्वांपेक्षा उदार आणि रुंदीच्या बाबतीत कंजूस असतो. त्याच्या एका धक्क्याने टायरची झीज विषम होत नाही. रिम वाकते, आणि वाकलेली रिम पुढचे काम सावकाश करते.

ट्रॅक्टरचे प्रकरण उलटे आहे. त्याच्या मागच्या टायरवरील जाड, तिरपे दांडे मऊ मातीत रुतून ओढण्यासाठी केलेले असतात. डांबरीवर रुतायला काही नसते. दांडे एकामागून एक रस्त्यावर आपटतात, प्रत्येक दांडा सुटताना घसरतो आणि त्याची एक कड आधी झिजते. सोयाबीनच्या हंगामात भरलेली ट्रॉली घेऊन बाजार समितीकडे निघालेला ट्रॅक्टर दुरून ऐकू येतो तो बराचसा या दांड्यांमुळे. उरलेला आवाज गाण्यांचा असतो.

निदानाच्या साध्या पद्धती तीन, आणि तिन्ही फुकट आहेत. पहिली तळव्याची. गाडी बंद असताना, टायर थंड असताना, तळवा नक्षीवरून घेराच्या दिशेने आधी पुढे आणि मग मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने टोचत असेल तर करवतझीज. वर-खाली जाणवले तर वाट्या. दुसरी बोनेटची. गाडीच्या एकेका कोपऱ्यावर भार देऊन तो सोडावा. सांगाडा एक-दीड हेलकाव्यात थांबला तर शॉकअप जिवंत आहे. तो होकार देत डोलतच राहिला तर नाही. तिसरी कानाची. वाट्या पडलेला टायर आणि गेलेले बेरिंग यांचा घोंघाट इतका सारखा असतो की बेरिंग बदलल्यावरही आवाज तसाच राहिल्याची उदाहरणे विपुल आहेत. फरक असा: डांबरीवरून सिमेंटवर गेल्यावर आवाज बदलला तर बहुधा टायर, रस्ता तोच असताना वळणावर वाढला-घटला तर बहुधा बेरिंग. हे तपासायला आधी गाणी बंद करावी लागतात, आणि ही पद्धत बहुतेकदा इथेच अडते.

विषम झिजेचा खरा खर्च नियमात दडलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 94 प्रमाणे नक्षीची खोली मोटारी व ट्रकसाठी 1.6 मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकींसाठी 0.8 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. मोटारीच्या नव्या टायरची खोली आठ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे मालक पूर्ण टायरचे पैसे देऊन वापरतो ते सुमारे साडेसहा मिलिमीटर. सरासरीचा युक्तिवाद इथेही चालत नाही. टायर सगळीकडे पाच मिलिमीटर आणि वाटीच्या तळाशी दीड असेल तर पावसात घसरण्यासाठी आणि फुटण्यासाठी तो दीड मिलिमीटरचाच टायर आहे. सांगाडा शाबूत असलेल्या ट्रकच्या टायरवर रबर चढवून दुसरा जन्म देता येतो. वाट्या खोल गेल्या असतील तर तोही योग हुकतो.

उपाय थोडे आणि जुनेच आहेत. हवा टायर थंड असताना तपासावी. दर आठ ते दहा हजार किलोमीटरला टायरची जागा बदलावी आणि त्याच वेळी तोल पाहावा; बाण असलेले टायर मात्र त्याच बाजूला पुढे-मागेच बदलावेत. जागा बदलल्याने झालेली झीज भरून येत नाही, ती फक्त चौघांत वाटली जाते. शेतातून आल्यावर रिमची आतली बाजू धुवावी. सर्वांत महत्त्वाचा तो दुरुस्तीचा क्रम: आधी शॉकअप, बेरिंग आणि बुश, मग टायर, मग बॅलन्सिंग आणि शेवटी अलाइनमेंट. हा क्रम उलटा केला, म्हणजे टायर आत्ता आणि शॉकअप पुढच्या सोयाबीनला असे ठरवले, तर पुढच्या सोयाबीनला दोन्ही घ्यावे लागतात.